ठाण्याला दिलेली प्रत

निवेदन कसं लिहायचं हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगते. वर 'प्रति', त्याखाली 'विषय', मग 'महोदय'. मधे तीन मुद्दे. चौथा लिहिला तर साहेब वाचत नाही. मग 'अन्यथा लोकशाही मार्गाने आंदोलन छेडण्यात येईल'. आणि सगळ्यात तळाशी, सह्यांच्याही खाली, 'प्रत माहितीस्तव सादर' आणि तीन ओळी: जिल्हाधिकारी, तहसीलदार, ठाणेदार. ठाणेदार कशाला? तर उद्या मोर्चा अडवला तर म्हणता यावं, तुम्हाला आधीच कळवलं होतं. संघटनेत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मला हे शिकवलं. तेव्हापासून हात आपोआप लिहितो. डोक्याला विचारत नाही.

त्या हातानं मी एका माणसाला पोलिसांच्या दारात नेऊन उभं केलं. ते लिहायचंय. यात नाव कुणाचंच येणार नाही, ठाण्याचंही नाही. नाव लिहून ठेवलं की त्याचं पुढे काय होतं ते मी पाहिलंय.

मी अड्याळची. बाजारात आमचं किराण्याचं दुकान. शिकून नोकरीला लागायच्या ऐवजी मी कामगारांच्या संघटनेत गेले, याचा बाबांना अजून राग आहे. माझ्याकडे बाहेरून आलेल्या कामगारांचं काम. विटाभट्टीवरचे छत्तीसगडचे, राईस मिलमधले बिहारचे हमाल, धानाच्या रोवणीला बालाघाटकडून येणाऱ्या बाया. आमच्याकडची पोरं हैदराबादला गेली की ती 'कामाले गेली' असतात. बिहारचं पोरगं इथं आलं की ते 'बाहेरचं' असतं. ही ओळ माझ्याच पत्रकातली आहे. मला ती फार आवडायची.

कागदावर सगळं आहे हो. ठेकेदारानं बाहेरच्या मजुराची नोंद करावी, जायचं-यायचं भाडं द्यावं, राहायला जागा द्यावी, असा कायदा माझ्या जन्माच्या आधीचा आहे. असंघटित कामगाराचं कार्ड आहे. आपल्या गावचं रेशन कुठल्याही राज्यात उचलता येईल अशी योजना आहे. गरोदर बाईला अंगणवाडीतून आहार आहे, मग ती कुठलीही असो. फक्त एक अट. यादीत नाव पाहिजे. म्हणून माझं काम म्हणजे याद्या. भट्टीवर जा, नाव लिही. मिलवर जा, नाव लिही. लोक घाबरायचे आणि मी त्यांना भाषण द्यायची: "जो यादीत नाही तो सरकारसाठी जन्मलाच नाही!"

एकोडीकडच्या एका गावात मोठा तलाव आहे, जुन्या मालगुजारीतला. तो तिथल्या ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीकडे आहे. सोसायटीचे अध्यक्ष सत्तरीचे, त्यांना मी काका म्हणते. मी पत्रकं घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा ते पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाळं विणत बसले होते. माझं पत्रक त्यांनी उलटसुलट पाहिलं.

"कागद चांगला आहे वं पोरी. मासोळी बांधाले कामी येईन."

"वाचा तर आधी, काका."

"वाचलं. 'जागे व्हा' म्हणते. मी पहाटे तीनले उठतो. तू किती वाजता उठतं?"

त्यांच्याच मागे, पाण्यात मांडीपर्यंत उभा असलेला एक माणूस हसला. तो बीजवाला. बंगालातला, सीमेला लागून असलेल्या जिल्ह्यातला. मासोळीचं बीज सांभाळणं हे त्याचं काम. पावसाळा लागला की यायचा, दिवाळीनंतर जायचा, आणि असं बारा वर्षं चाललं होतं. बीज म्हणजे काय हे मला त्यानंच दाखवलं. ओंजळीत पाणी घेतलं, त्यात जिऱ्याएवढे काळे ठिपके पळत होते. ते बोडीत, म्हणजे शेजारच्या छोट्या तळ्यात, मच्छरदाणीसारख्या जाळीत वाढवायचे, बोटाएवढे झाले की हंड्यात भरून तलावात न्यायचे. हंडा ॲल्युमिनियमचा, रुंद तोंडाचा. आणि रस्ताभर त्या पाण्यावर तळहातानं थापा मारत राहायच्या. पाणी उडलं पाहिजे, त्यात हवा गेली पाहिजे. थांबलं की पिल्लं तोंड वर काढतात, मग पोट वर करतात.

"हात थांबला की किती वेळ?" मी विचारलं.

"गरमी में? चाय पीने तक का टाइम, दीदी. वो भी आधा चाय."

आमच्या भागातल्या ढिवरांना जाळं येतं, तलावाचा तळ न तळ माहीत असतो, पण बीजाचं हे काम तेव्हा त्या सोसायटीत कुणाला नीट जमत नव्हतं. काका उघड म्हणायचे, "आमी मारणारे. हा जगवणारा."

त्याची बायकोही त्या वर्षी सोबत होती. पारीच्या खाली सोसायटीनं बांधून दिलेल्या टिनाच्या खोलीत राहायची. पाचवा महिना होता. अंगणवाडीतून तिला काही मिळत नव्हतं, रेशन मिळत नव्हतं, आणि हे कळल्यावर माझ्या अंगात आलं. मी फॉर्म काढला.

"नाव सांगा."

तो हात पुसत होता. बराच वेळ पुसत राहिला. "दीदी, नाम मत लिखो ना. बारा साल बिना नाम के चल गया."

"चाललं कुठे? बायको उपाशी आहे तुमची."

"उपासी नहीं है. मछली खाती है."

"कार्ड झालं तर रेशन मिळेल, दवाखान्यात विचारतील. तुम्ही काय चोर आहात का लपायला?"

हे मी बोलले. चोर हा शब्द मीच वापरला. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती दारात तांदूळ निवडत होती, तिला मराठी येत नव्हतं, पण 'दवाखाना' कळलं असावं, कारण तिनं मान हलवली. तो म्हणाला, "लिखो फिर. आप बोलता है तो लिखो."

काका जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "तुले काहून एवढी घाई होऊन राहिली वं? त्याले विचार करू दे."

मी म्हटलं, काका, विचार करण्यातच आपली पिढी गेली. काका जाळं विणत राहिले. तेव्हा मला वाटलं, मी जिंकले.

महिन्याभरात माझी यादी झाली. नाव, वय, मोबाइल नंबर, मूळ राज्य, मूळ जिल्हा, इथं कुठे राहतो, कुणाकडे काम. अशी नेटकी यादी आमच्या संघटनेत आधी कुणी केली नव्हती. तिच्यावर निवेदन लावलं: स्थलांतरित कामगारांना रेशन, निवारा व आरोग्यसेवा मिळणेबाबत. तहसीलमध्ये दिलं, पोच घेतली. मग खालच्या तीन ओळींप्रमाणे बाकी प्रती वाटल्या. ठाण्यात मी स्वतः गेले. तिथल्या जमादारांनी शिक्का मारून दिला, म्हणाले, "ताई, सोबत यादी पण आहे काय? चांगलं झालं." मी शिक्क्याचा फोटो काढून संघटनेच्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला.

पुढच्या महिन्यात बातम्यांमध्ये सगळीकडे एकच सुरू झालं. घुसखोर शोधा. मी त्यावर पत्रक लिहायला घेतलं होतं, पहिला परिच्छेद झालाही होता. तेवढ्यात बीजवाल्याचा फोन आला. सकाळचे साडेनऊ असतील.

"दीदी, थाने से फोन था. बोला, अभी आओ, सब कागज लेके. मैं बीज भरा हूँ, चार हंडा, गाडी में रखा हूँ. बोला, कुछ भी हो, अभी आओ."

"तुमचा नंबर कुठून मिळाला त्यांना?"

"बोला, लिस्ट में है."

तिथंच मला कळलं. हातातला पेन खाली ठेवला. कुठली लिस्ट, हे विचारायची गरज नव्हती. आख्ख्या तालुक्यात तेवढी एकच यादी होती, आणि तिच्यात मूळ जिल्ह्याचा रकाना मी पाडला होता. छत्तीसगड, बिहार, मध्य प्रदेश, आणि बंगाल एकच.

मी स्कुटीनं निघाले. माझी भाषणं मला आठवत होती. कलेक्टर ऑफिसच्या फाटकावर चढून घोषणा देणारी मी, आणि आता ठाण्याच्या वळणावर स्कुटीचा वेग आपोआप कमी करत होते. फाटकावर चढताना सोबत दोनशे माणसं असतात. आता मी एकटी होते, आणि चूक माझी होती.

ठाण्याच्या आवारात करंजीच्या झाडाच्या सावलीत सोसायटीची तीनचाकी उभी होती, चालवणारा पोरगा पोलिसांना घाबरून निघून गेला होता. बीजवाला गाडीच्या मागच्या फळीवर बसला होता, दोन्ही हात दोन हंड्यांत. थप, थप, थप. मग दुसऱ्या दोन हंड्यांकडे वळायचा. दारातून हवालदारानं हाक मारली, "ए बंगाली, चल आत."

त्यानं हात न थांबवता मला म्हटलं, "दीदी, इधर बैठो. ऐसे. पानी उपर से मारना है, अंदर हाथ नहीं डालना. चारों में. हाथ मत रोकना."

"मी आत येते तुमच्यासोबत."

"अंदर आप क्या करेगा? इधर बैठो. ये पूरा साल का है, काका का."

तो आत गेला. दार उघडंच होतं, आवाज बाहेर येत होता. मी फळीवर बसले आणि थापा मारायला लागले. पहिल्या पाच मिनिटांत माझी ओढणी, चेहरा, सगळं भिजलं. माझी थाप त्याच्यासारखी बसत नव्हती. पाणी नुसतं सांडत होतं. दोन हंड्यांना हात लावेपर्यंत बाकी दोघांत पिल्लं वर येऊन तोंड उघडझाप करायची. बारीक बारीक तोंडं, शेकड्यांनी. मी तिकडे धावले की इकडची वर यायची.

एक शिपाई पोरगी टिफिन घेऊन जाताना थांबली. "ताई, कपडे धुता काय?"

"मासोळ्या आहेत."

"ठाण्यात?" ती हसली. मग आतला आवाज ऐकून तिचं हसू गेलं. खाली बघून ती निघून गेली.

आत जमादार विचारत होते. आवाज चढलेला नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली. नाव विचारलं. नाव ऐकल्यावर ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग बापाचं नाव. बापाचा जन्म कुठला. बापाचा कागद आहे का. आधार नाही चालत, मतदान कार्ड नाही चालत, ते कुणीही बनवतं. बापाचा कागद.

"साब, बाप मर गया. घर में होगा कागद. मंगाता हूँ."

"मोबाइल दे."

मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मोबाइल तपासत असणार. मी थापा मारत होते, आणि माझ्या दंडातून कळ निघून मानेत चढत होती.

"हा नंबर कोणाचा? आठशेऐंशीवाला?"

मला माहीत होतं आठशेऐंशी म्हणजे काय. बातम्या पाहणाऱ्या कुणालाही आता माहीत आहे. सीमेपलीकडचा नंबर.

"मौसी है साब. माँ की बहन. शादी उधर हुआ, बहुत पहले. ईद में फोन करती है."

आणि इथं मला जे लिहायला सगळ्यात जड जातंय ते. त्या क्षणी माझा हात थांबला. मला वाटलं, असेल का हा तिकडचा? मी, जिनं शंभर ठिकाणी सांगितलं की माणूस बेकायदेशीर नसतो, ती मनात म्हणाली, असेल तर? मग मी कुणाची नोंद केली? मला पण आत घेतील. बाबांच्या दुकानावर येतील. हे सगळं एका श्वासात मनात आलं, पहिल्यांदा त्याचं नाही, माझंच आलं. समोर हंड्यात पिल्लं वर आली होती. मी दोन्ही हातांनी थापा मारायला लागले, वेड्यासारख्या. पण थांबले होते हे खरं आहे.

जमादार बाहेर आले. भला माणूस, चेहऱ्यावर वैर नाही. माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, तुम्ही पण आहात काय? यादी तर तुम्हीच दिली ना. वरून हुकूम आला, बाहेरचे शोधा, आम्ही म्हटलं कुठे फिरावं उन्हातान्हात? तर तुमची फाइल सापडली. जिल्ह्यासकट. लई मेहनत वाचली आमची."

"साहेब, ती यादी रेशनसाठी होती."

"हो ना. खाली ठाण्याला प्रत दिली होती. आम्ही कशी वाचायची ते थोडंच लिहिलं होतं?" मग हलक्या आवाजात, "तुम्ही याला ओळखता का? लिहून द्याल? उद्या काही निघालं तर तुमचं पण नाव येईन, म्हणून विचारतो."

'हो' एवढंच म्हणायचं होतं, ते न म्हणता मी पुढच्या हंड्याकडे वळले. जमादारांनी थोडी वाट पाहिली आणि आत गेले.

काकांना मी निघतानाच फोन केला होता. ते दुपारी बाराच्या सुमाराला आले, सोबत सोसायटीचे सात-आठ जण, अंगावर ओल्या लुंग्या, एकाच्या खांद्यावर अजून जाळं. घोषणा नाही, काही नाही. काका सरळ गाडीजवळ आले, मला बाजूला केलं आणि दोन हंड्यांचं पाणी पाहिलं.

"सरक. मारून टाकलं तू अर्धं बीज."

"काका, मी थांबले नाही..."

"हात भिजवून राहिली नुसती. थाप कुठं मारली?"

त्यांनी दोन जणांना हंड्यांवर बसवलं आणि स्वतः आत गेले. काकांचा आवाज बाहेर ऐकू आला. तो मोठाच आहे.

"साहेब, ह्या माणसाले बारा वर्षापासून मी ओळखतो. हा माह्या घरी जेवला आहे. लिहून देऊ काय? अंगठा मारतो. सही येते मले, पण अंगठा पक्का."

"बाबा, उद्या हा तिकडचा निघाला तर?"

"तर मले धरा. माह्या सत्तर वर्षात मी तलाव सोडून कुठं गेलो नाही, सापडन मी. आता ह्याले सोडा, नाहीतर तुमीच बाहेर बसून पाण्याले थापा मारा. आमचं बीज मरून राहिलं."

कुणीतरी आत हसलं. त्या हसण्यानं काहीतरी सैल झालं. जमादारांनी बीजवाल्याच्या गावच्या पंचायतीत फोन लावला, तिकडच्या माणसानं व्हिडिओवर त्याचा चेहरा पाहून ओळखलं. काकांनी लिहून दिलं. सुटका झाली, पण अटीवर: दर सोमवारी हजेरी, बापाचे कागद आल्याबरोबर आणून द्यायचे, कळवल्याशिवाय जिल्हा सोडायचा नाही.

तो बाहेर आला तेव्हा सरळ हंड्यांकडे गेला. मेलेली पिल्लं ओंजळीनं काढून गवतावर टाकली. मोजली नाहीत. मग हात पाण्यावर ठेवला आणि गाडी सुरू करायला सांगितलं. मी म्हटलं, "दादा, चूक माझी आहे." तो म्हणाला, "पहले बीज छोड के आता हूँ, दीदी. फिर बात करेंगे."

बोलणं दोन दिवसांनी झालं, पारीवर. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं एकच मागितलं.

"लिस्ट से मेरा नाम काट दो. बस. रासन नहीं चाहिए, कारड नहीं चाहिए. पहले जैसा कर दो."

मी म्हटलं, करते.

तहसीलमधल्या बाबूंना वाटलं मी गंमत करतेय. "ताई, नाव टाकायला लोक चकरा मारतात. काढायला तुम्हीच पहिल्या."

"अर्ज कुठला भरायचा?"

"असा अर्जच नाही ना. मेलं तर निघतं." मग माझा चेहरा पाहून खुर्ची थोडी पुढे ओढली. "आणि इथून काढलं तरी काय फायदा? ती यादी वर गेली. ठाण्यातून तर दुसरीकडेच गेली. आता ती कुठे-कुठे आहे, मले पण नाही माहीत."

मी निवेदन दिलं. नाव वगळण्याबाबत. पोच मिळाली. उत्तर आलं नाही.

सोमवारी मी त्याच्यासोबत जायची. बाकावर आम्ही दोघं बसायचो, तो सही करायचा, निघायचो. पाचेक मिनिटांचं काम, पण रविवारपासून मला सोमवारची धास्ती असायची. त्यालाही असणार, पण तो शनिवार-रविवार बोडीत उभा राहून पिल्लांना कोंडा टाकत असायचा. त्याची बायको आता खोलीबाहेर येईनाशी झाली. अंगणवाडीची बाई स्वतः आहार घेऊन गेली, तर तिनं दार उघडलं नाही. त्या बाईनं मला फोन करून चिडून सांगितलं, "तुम्हीच म्हणत होता ना, नाव टाका? मी टाकलं. ती आतूनच म्हणते, नाव काढा, मग घेते." ज्या कार्डासाठी मी हे सगळं केलं ते कार्ड आलं होतं, लॅमिनेट करून. त्यांनी ते कुठल्याच खिडकीवर दाखवलं नाही.

बापाचा शाळेचा दाखला पोस्टानं आला. पिवळा, कडा खाल्लेल्या. जमादारांनी झेरॉक्स घेतली, म्हणाले, "ठीक दिसते. वर पाठवतो." मी विचारलं, मग आता हजेरी बंद? ते म्हणाले, "वरून आलं की सांगतो." वरून काही आलं नाही. हा माणूस इथला आहे असं कुणी म्हटलं नाही, नाही असंही कुणी म्हटलं नाही. मी वरच्या ऑफिसात गेले, तिथून त्याच्याही वर. प्रत्येक जण 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणाला. कामगाराला सामावून घ्यायचं म्हणून जे टेबल आहे आणि बाहेरच्याला शोधायचं म्हणून जे टेबल आहे, ती दोन्ही एकाच बिल्डिंगमध्ये, एका जिन्यावर. पहिल्या टेबलावरचा कागद जिना चढून दुसऱ्यावर जातो, आणि परत खाली यायला त्याला पाय नाहीत.

बोटुकली, म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्लं, तलावात सोडून झाल्यावर, ठाण्याला कळवून, ते दोघं गेले. काकांनी त्याच्या बायकोला सुकट बांधून दिली. मी बसपर्यंत गेले नाही. काम होतं असं सांगितलं. काम नव्हतं.

यावर्षी मृगाच्या आधी त्याचा फोन आला. मी दुकानात बसले होते, बाबा जेवायला गेले होते. मुलगी झाली म्हणाला, आता रांगते.

"दीदी, लिस्ट से नाम कटा?"

"नाही."

"वो ऊपर से कुछ आया?"

"नाही आलं."

"काका को मैंने फोन नहीं किया अभी. पहले आपको किया. काका तो बोलेगा, आ जा. काका को डर नहीं लगता." पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. "आप बोलो. आऊँ?"

संघटनेच्या बैठकीत मी काय बोलले असते ते मला पाठ आहे. यायचा तुम्हाला हक्क आहे. देशात कुठेही जाऊन काम करायचा हक्क आहे. घाबरू नका, आम्ही सोबत आहोत. गेल्याच आठवड्यात भट्टीवरच्या लोकांसमोर मी हे बोलले होते, टाळ्या पडल्या होत्या. पण मला ती फळी दिसत होती, वर आलेली तोंडं दिसत होती, आणि माझा थांबलेला हात. या वेळी त्याला बोलावलं आणि त्यांनी नेलं, आणि ठाण्यात नाही, पार सीमेपर्यंत नेलं, असं पण होतंय लोकांचं, तर?

"नका येऊ," मी म्हटलं.

तो म्हणाला, "ठीक है." रागानं नाही. असं, जसं कुणी पाऊस पडणार नाही सांगितलं आणि आपण छत्री ठेवून दिली. "काका का बीज कौन देखेगा?"

"बघू आम्ही."

"बघू आम्ही," तो माझ्यासारखंच मराठीत म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्याला आता दोन महिने झाले. तलाव अर्धा भरलाय. काकांनी टिनाच्या खोलीचं छप्पर नवीन करून ठेवलं, बोडी साफ केली, हंडे घासून उलटे ठेवलेत. बीज सोडायचे दिवस निघून चाललेत. काकांनी त्याला फोन केले तर तो उचलत नाही. 'नका येऊ' मीच म्हटलं, हे त्यानं काकांना कळवलं नसणार, कारण काका माझ्याशी अजून बोलतात.

काल पारीवर गेले होते. काका पाण्याकडे बघत बसले होते.

"काहून येऊन नाही राहिला वं तो? तुह्या जवळ फोन येते त्याचा. आला काय?"

मी तलावाकडे बघितलं.

"नाही काका," मी म्हटलं. "नाही आला."